दोन पट्ट्या गेल्या कुठे? चित्र काढून सिद्ध केलेल्या गणिताची गोष्ट

आजचा भाग जरा अवघड आहे. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. कारण आज मला चित्रं काढायची आहेत आणि माझ्या हातात फक्त आवाज आहे. बसमध्ये असाल तर डोळ्यांसमोर चित्र आणत ऐका. घरी असाल तर चौकटीच्या वहीचं एक पान आणि कात्री जवळ ठेवा.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. मी आठवीत होते. सुट्टीत चाळीसगावला मामांकडे गेले होते. मामा फरशीकाम करतात, म्हणजे घरोघरी टाईल्स बसवतात. तेव्हा एका घरात दहा फूट बाय दहा फुटांची खोली दोन बाजूंनी दोन-दोन फूट वाढवायचं काम चाललं होतं. मामा म्हणाले, "पोरी, तू इंग्लिश शाळेत जातेस ना, मग सांग, एक फुटाच्या टाईल्स किती लागतील?"

मी लगेच डोकं चालवलं. दहा अधिक दोन, त्याचा वर्ग. दहाचा वर्ग शंभर, दोनचा वर्ग चार. "एकशे चार!"

मामा हसायलाच लागले. त्यांनी खडूने जमिनीवर आखून दाखवलं. ही जुनी खोली, शंभर टाईल्स. हा नवा कोपरा, दोन बाय दोन, चार टाईल्स. "आणि ह्या दोन लांब पट्ट्या? दहा बाय दोनची ही एक, आणि ती दुसरी. ह्यांच्या चाळीस टाईल्स कोण देणार, तुझा बाप?"

एकशे चव्वेचाळीस! बारा गुणिले बारा. शाळेत मी 'ए अधिक बी कंसाचा वर्ग बरोबर ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग' हे पन्नास वेळा लिहिलं होतं. पण ते मधलं 'दोन एबी' नक्की काय असतं, हे मला त्या दिवशी खडूच्या रेघांत दिसलं. त्या दोन पट्ट्या होत्या. बास, एवढंच.

त्याच दिवशी मामांनीही मला एक प्रश्न विचारला. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला गवंडी काय करतात माहितीय? कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण. दोन खुणांमध्ये टेप लावायचा. बरोबर पाच फूट भरले, तर कोपरा सरळ. मामा म्हणाले, "वीस वर्षं करतोय. पाचच का येतात गं? साडेपाच का नाही?"

मी म्हणाले, "पायथागोरसचं प्रमेय आहे ना, मामा."

ते म्हणाले, "नाव नको सांगू. का ते सांग."

मला सांगता आलं नाही. पुढे मी इंजिनियर झाले, तरी बरीच वर्षं सांगता आलं नाही. मामा सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. गणित आपल्या डोक्याचं काम नाही, असं त्यांना कोणीतरी लहानपणीच सांगून ठेवलं होतं. आणि खरा गणिताचा प्रश्न त्यांनीच विचारला होता. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंतचा प्रवास आहे. आणि गंमत म्हणजे तो फिरून चाळीसगावच्या जवळच येतो.

चला, आधी खूप मागे जाऊ. साधारण पावणेचार हजार वर्षं मागे, आजच्या इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या बाबिलोनमध्ये. तिथले लेखनिक ओल्या मातीच्या पाटीवर टोकदार काडीने लिहायचे. अशी एक पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावरचा पहिला प्रश्न असा: एका चौरसाचं क्षेत्रफळ आणि त्याची बाजू मिळवली तर पाऊण येतं. बाजू किती? उत्तर आहे अर्धा. अर्ध्याचा वर्ग पाव, त्यात अर्धा मिळवला की पाऊण. आपण ह्याला वर्गसमीकरण म्हणतो.

बरीच वर्षं अभ्यासकांना वाटायचं की हे लोक आपल्यासारखंच आकड्यांचं बीजगणित करत असणार. मग येन्स होयरुप ह्या डॅनिश इतिहासकारांनी त्या पाट्यांवरचे मूळ शब्द बारकाईने वाचले. त्यांच्या लक्षात आलं की तिथली क्रियापदं हाताच्या कामाची आहेत. मोडा, जोडा, कापून काढा. म्हणजे तो लेखनिक मनात एक आयत धरतोय, त्याची पट्टी अर्धी मोडतोय, तिचा अर्धा भाग दुसऱ्या बाजूला लावतोय, आणि रिकामा राहिलेला कोपरा भरून पूर्ण चौरस करतोय. अगदी मामांसारखं. ए आणि बी ही अक्षरं गणितात येण्याच्या हजारो वर्षं आधी बीजगणित असं कापाकापीचं होतं.

आता तिथून निघून इ.स.पू. ३००च्या आसपास या. युक्लिड ह्या ग्रीक गणितज्ञाने 'एलिमेंट्स' नावाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागातलं चौथं विधान काय सांगतं? एका रेषेचे दोन तुकडे केले, तर अख्ख्या रेषेवरचा चौरस म्हणजे दोन तुकड्यांवरचे दोन चौरस आणि त्या तुकड्यांच्या दोन आयतांची बेरीज. मामांची खोली! युक्लिडकडे 'दोन एबी' नाही, दोन आयत आहेत. फक्त युक्लिड आणखी एक काम करतो. ते आयत खरंच आयत आहेत, कोपरे खरंच काटकोन आहेत, हे तो पायरीपायरीने दाखवतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता इ.स. ८२०च्या आसपासच्या बगदादला जाऊ. खलिफा अल-मामूनच्या काळात अल-ख्वारिझ्मी नावाचा विद्वान एक पुस्तक लिहितो. त्याच्या नावातल्या 'अल-जब्र' ह्या शब्दावरून इंग्रजीतला 'अल्जिब्रा' आला. त्याचं एक उदाहरण पुढे शेकडो वर्षं शिकवलं गेलं. एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून ३९ होतात. संख्या कोणती?

सूत्र आठवू नका, खोली आखा. एक चौरस खोली, तिची बाजू आपल्याला माहीत नाही. तिच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीच्या दोन पट्ट्या लावा. दहापटीचे आपण दोन समान भाग केले. खोली आणि दोन पट्ट्या मिळून ३९ टाईल्स झाल्या. कोपरा मात्र रिकामा आहे. तो केवढा? पाच बाय पाच, म्हणजे २५. तो भरा. ३९ आणि २५ मिळून ६४. आता पूर्ण चौरस झाला आणि त्याची बाजू आठ. आठातून पट्टीची रुंदी पाच काढली, राहिले तीन. तपासून बघा: नऊ अधिक तीस, एकोणचाळीस. शाळेत आपण जिला 'पूर्ण वर्ग पद्धत' म्हणतो, ती ही! नावातच चित्र आहे आणि आपल्याला ते कधी दाखवलंच नाही.

आता काटकोन त्रिकोणाकडे वळू. इथे मला एका व्हॉट्सॲप फॉरवर्डबद्दल बोललंच पाहिजे. तुम्हालाही आलेलं असेल. "पायथागोरसने आपलं प्रमेय चोरलं! मूळ शोध बौधायनाचा!"

खरं काय आहे? बौधायनाचं शुल्बसूत्र साधारण इ.स.पू. ८०० ते ५००च्या दरम्यानचं मानलं जातं. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी ठरलेल्या आकाराच्या आणि ठरलेल्या क्षेत्रफळाच्या बांधायच्या असत. खुंट्या आणि दोरी हीच त्यांची कंपासपेटी. बौधायन स्पष्ट सांगतो की आयताच्या कर्णाच्या दोरीवर जेवढं क्षेत्र होतं, तेवढंच त्याच्या दोन बाजूंवरच्या क्षेत्रांचं मिळून होतं. पुढे तो जोड्याही देतो: ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४. दोन वेगवेगळ्या चौरसांएवढा एकच मोठा चौरस कसा आखायचा, ही कृतीही आहे. म्हणजे बौधायनाला हे नीट माहीत होतं, ह्यात शंका नाही.

पण मग बाबिलोनचं काय? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एक तळहातावर मावेल एवढी मातीची पाटी आहे. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण काढलेत, आणि बाजूच्या किती पट कर्ण असतो, तो आकडा लिहिलाय. दशांश चिन्हानंतर पाच घरांपर्यंत बरोबर! ही पाटी बौधायनाच्याही कितीतरी शतकं आधीची आहे. मग बौधायनाने चोरलं म्हणायचं का? नाही ना. सरळ कोपरा आखायची गरज सगळीकडेच होती. वेदी असो, शेत असो, नाहीतर चाळीसगावची खोली.

मला वाटतं, 'पहिला कोण' हा प्रश्न आपण फार भांडून विचारतो. मामांचा प्रश्न वेगळा होता. 'का?' आणि ह्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपल्या मातीतला एक माणूस खरोखर अभिमान वाटावा असा उभा आहे. फॉरवर्डमध्ये मात्र तो क्वचितच येतो.

भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. सह्याद्रीजवळच्या विज्जडविड ह्या गावचा असं तो स्वतः सांगतो. ते गाव नेमकं कोणतं, ह्यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. पण चाळीसगावजवळ, पाटणादेवीचं देऊळ आहे त्या पाटणे गावात एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने पाटण्याला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी! साल इ.स. १२०७च्या सुमाराचं. त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि बाजारात उघडलेल्या मालावरच्या कराचा वाटा मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे बाजारातल्या करावर गणिताचा वर्ग चालत होता. आणि हे सगळं मामांच्या घरापासून वीसेक किलोमीटरच्या आत!

तर ह्या भास्कराचार्यांनी इ.स. ११५०मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. 'बीजगणिता'त एक प्रश्न आहे. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू १५ आणि २०, तर कर्ण किती? इथपर्यंत नेहमीचंच. पण पुढे ते विचारतात की हे जे सर्रास चालत आलेलं गणित आहे, त्याची उपपत्ती सांगा.

उपपत्ती! म्हणजे 'हे असं का' ह्याचं उत्तर. मामांचाच प्रश्न, साडेआठशे वर्षांहून जुना.

आता चित्र काढू. १५, २० बाजूंचे चार सारखे त्रिकोण घ्या. त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे गोल फिरवत मांडा. बाहेर एक मोठा चौरस तयार होतो आणि त्याची प्रत्येक बाजू म्हणजे कर्ण. मध्ये एक छोटासा चौरस रिकामा राहतो. त्याची बाजू किती? वीस वजा पंधरा, पाच. आता मोजा. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५ गुणिले २० भागिले दोन, म्हणजे १५०. चार त्रिकोणांचे ६००. मधल्या चौरसाचे २५. एकूण ६२५. कर्णावरचा चौरस ६२५, म्हणून कर्ण २५. कुठेही प्रमेय वापरलं नाही. फक्त मोजलं.

आणि भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. ह्याच त्रिकोणाची दुसरी रीत ते देतात. कर्णावर लंब टाकला की त्रिकोणाचे दोन छोटे त्रिकोण होतात आणि दोघांचा आकार मूळ त्रिकोणासारखाच असतो. त्या प्रमाणावरून कर्णाचे तुकडे येतात ९ आणि १६. बेरीज २५. दोन वेगळ्या वाटा, उत्तर एकच.

गणिताच्या पुस्तकांत एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांनी म्हणे हे चित्र काढलं आणि खाली एकच शब्द लिहिला, 'पाहा!' ऐकायला छान आहे. पण 'बीजगणित' उघडलं की तिथे नुसतं 'पाहा' नाही. तिथे प्रश्न आहे, आकडे आहेत, दोन रीती आहेत आणि त्यातून निघणारे बीजगणिताचे नियमही आहेत. उदाहरणार्थ, दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट आणि त्यांच्या फरकाचा वर्ग मिळवला की दोघांच्या वर्गांची बेरीज येते. हे त्या चित्रातच आहे. चार त्रिकोण म्हणजे 'दोन एबी', मधला चौरस म्हणजे फरकाचा वर्ग.

तसंच चित्र चीनमध्येही आहे बरं का. 'झोउबी' नावाच्या जुन्या ग्रंथावर तिसऱ्या शतकात झाओ शुआंगने टीका लिहिली. त्याचा त्रिकोण ३-४-५चा. चार त्रिकोण तो तांबडे म्हणतो आणि मधला चौरस पिवळा. दोन देश, शेकडो वर्षांचं अंतर, आणि चित्र तेच.

आता तुम्ही म्हणाल, मग 'पाहा' म्हटलं तर बिघडलं कुठे? दिसतंय ना!

थांबा. आता ती कात्री घ्या. आठ बाय आठ चौकटींचा चौरस कापा. त्याचे दोन भाग करा, एक तीन रुंदीचा, एक पाच रुंदीचा. तीन रुंदीचा भाग कर्णावर कापा, दोन त्रिकोण झाले. पाच रुंदीचा भाग मधोमध तिरका कापा, असा की प्रत्येक तुकड्याची एक कड तीन आणि तिच्यासमोरची कड पाच राहील. एकूण चार तुकडे. आता ते पाच बाय तेराच्या आयतात मांडा. अगदी बसतात! पण आठ गुणिले आठ चौसष्ट आणि पाच गुणिले तेरा पासष्ट. एक चौकट आली कुठून?

हे कोडं एकोणिसाव्या शतकापासून लोकांना चक्रावतंय. उत्तर सोपं आहे. आयताच्या मधून जी तिरकी रेघ सरळ दिसते, ती सरळ नाहीच. त्रिकोणाचा उतार आठाला तीन, म्हणजे ०.३७५. दुसऱ्या तुकड्याचा उतार पाचाला दोन, म्हणजे ०.४. फरक इतका कमी की डोळ्याला कळत नाही. मधोमध एक लांबट, बारीक फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर एक चौकट.

म्हणजे चित्र खोटंही बोलतं! म्हणून नुसतं 'पाहा' चालत नाही. पाहा, आणि मग विचारा, हे खरंच नीट बसतंय का? भास्कराचार्यांच्या चित्रात विचारून बघू. बाहेरच्या चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यात एका त्रिकोणाचा लहान कोन आणि शेजारच्या त्रिकोणाचा मोठा कोन एकत्र येतात. काटकोन त्रिकोणात हे दोन कोन मिळून नेहमी ९० अंश. म्हणजे कोपरा खरा काटकोन. मधल्या चौकोनाचे कोन? त्रिकोणाच्या काटकोनाला लागून सरळ रेषेत उरलेले, म्हणजे तेही ९०. फट कुठेच नाही. आता चित्र सिद्धता झालं.

हे सगळं सांगण्याचं एक कारण आहे. युरोपातल्या अनेक जुन्या पुस्तकांत एक शेरा दिसतो की भारतीयांनी नियम दिले, पण सिद्धता दिल्या नाहीत. आपल्याकडेही अनेकांनी तो मान्य केला. पण भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त एके ठिकाणी स्वच्छ सांगितलंय की उपपत्ती दोन प्रकारची असते, एक क्षेत्रगत, म्हणजे आकृतीची, आणि दुसरी राशिगत, म्हणजे संख्यांची. ज्याला आकृतीची समजत नाही, त्याला संख्यांची दाखवावी. वाचताना मी थबकलेच. हा नुसता गणितज्ञ नाही, हा मास्तर आहे. विद्यार्थ्याला कळलं नाही तर दुसरी वाट काढा म्हणतो, पाठ करा म्हणत नाही.

ही परंपरा पुढेही चालली. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी इ.स. १५४५च्या सुमारास लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. नियमामागून नियम घेऊन त्यांची कारणं देणं हेच तिचं काम. कर्णाच्या नियमाच्याही त्यात दोन उपपत्ती आहेत, एक प्रमाणाची आणि एक आकृतीची. १८१७ साली कोलब्रुक ह्या इंग्रजाने लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत आणली, तेव्हा ह्या टीकांमधले उतारे त्याने तळटीपांत दिले होते. म्हणजे शेरा मारणाऱ्यांच्या हातात पुरावा होता, फक्त बारीक अक्षरात.

पण उलट्या बाजूने फुगवायचंही नाही. युक्लिडसारखी मोजक्या गृहीतकांपासून पायरी-पायरीने चढत गेलेली अख्खी इमारत ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो त्याचा मोठेपणा. आपल्याकडची उपपत्ती म्हणजे समोरच्या विद्यार्थ्याच्या मनातली शंका फिटेपर्यंत दिलेलं कारण. दोन्ही वाटा 'का' ह्या प्रश्नाशीच पोचतात.

आता शेवटी मामांकडे.

मागच्या दिवाळीत मी चाळीसगावला गेले होते. मामांच्या साइटवर टाईलच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा पडला होता. मी सात वीत बाय सात वीत चौरस आखला आणि म्हणाले, "मामा, ही तुमचीच खोली. तीन आणि चार." नऊचा एक चौरस, सोळाचा एक चौरस, आणि तीन बाय चारच्या त्याच त्या दोन पट्ट्या. बारा आणि बारा, चोवीस. एकूण एकोणपन्नास.

मग मी दोन्ही पट्ट्या कर्णावर कापल्या. चार त्रिकोण झाले. त्याच सात बाय सातच्या जागेत ते चार त्रिकोण चार कोपऱ्यांत बसवले. मध्ये एक तिरका चौकोन उरला. "मामा, एकोणपन्नासातून पट्ट्यांचे चोवीस गेले. उरले किती?"

"पंचवीस."

"म्हणजे मधल्याची बाजू?"

"पाच." ते गप्प झाले. मग म्हणाले, "पण मधला चौरसच आहे कशावरून? जरा दबलेला असला तर?" आणि ते गुण्या आणायला उठले. लाकडाचा-लोखंडाचा काटकोन तपासायचा तो गुण्या, ओळखता ना?

मी हात धरून बसवलं. गुण्याने एक पुठ्ठा तपासता येईल, सगळे नाही. सरळ कडेवर तीन कोन शेजारी-शेजारी आहेत: त्रिकोणाचा लहान, मधल्या चौकोनाचा आणि त्रिकोणाचा मोठा. लहान-मोठा मिळून ९०. कड सरळ, म्हणजे एकूण १८०. मधल्याला काय उरलं? त्यांनी स्वतःच सांगितलं, "गुण्या."

मंडळी, इथे माझ्या लक्षात आलं. आठवीत मी जे चुकून लिहिलं होतं, ए वर्ग अधिक बी वर्ग, ते मोठ्या चौरसाचं उत्तर नव्हतंच. पट्ट्या विसरून जे उरतं, ते कर्णावरच्या चौरसाचं उत्तर होतं! बीजगणिताचं सूत्र आणि पायथागोरसचं प्रमेय, दोन्ही एकाच खोलीत होते.

पण मामा अजून संपले नव्हते. "हे झालं कोपरा सरळ असला तर पाच येतात. मी तर उलटं करतो. पाच आले की कोपरा सरळ धरतो. ते कशावरून?"

शंभर गुणांचा प्रश्न! युक्लिडनेही ह्यासाठी वेगळं विधान दिलंय, पहिल्या भागातलं शेवटचं. मी तीन काड्या घेतल्या, तीन, चार आणि पाच वितींच्या. "ह्यांचा त्रिकोण करा. आता ह्याच काड्यांचा वेगळ्या आकाराचा त्रिकोण करून दाखवा." त्यांनी फिरवून, उलटा करून बघितलं. होत नाही. चार काड्यांचा चौकोन दबतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. आणि कोपरा सरळ असलेला ३-४-५चा त्रिकोण असतो, हे तर आत्ताच पाहिलं. मग प्रत्येक ३-४-५चा त्रिकोण तोच असणार.

मामांनी पुठ्ठ्याचे तुकडे गोळा केले आणि खिशात ठेवले. म्हणाले, "हाताखालच्या पोरांना दाखवतो उद्या."

पाटण्याचा मठ काही आज नाही. पण मला वाटतं, दुसऱ्या दिवशी त्या साइटवर तो थोडा वेळ भरला असणार.

जाता जाता तुम्हाला गृहपाठ. मधला तिरका चौरस असलेलं ते मोठं चित्र मधोमध कापा, असं की तिरक्या चौरसाचे कर्णावर दोन भाग होतील. एक समलंब चौकोन मिळेल. १८७६ साली जेम्स गारफिल्ड ह्या अमेरिकन खासदाराने त्यावरून ह्या प्रमेयाची सिद्धता छापली होती. पुढे १८८१ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. बघा तुम्हाला जमतेय का. जमली, तर घरात जो कोणी 'मला गणित येत नाही' म्हणतो, त्याला आधी दाखवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर बघत राहा, आणि बघून झालं की विचारा, का?